कुलूप लावून मेलेली माणसं

लटारू निकुरेला तुम्ही मारलं, साहेब. सुरीनं नाही, विषानं नाही. टेबलावर बसून, चहा पिता पिता. आणि तुम्ही मारलं तेव्हा तो जिवंत होता, दोन वेळा जेवत होता, आणि आपण मेलोय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तुमचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण नावाचं होतं आणि खुर्ची सुटते. खुर्ची सुटता कामा नये. त्या खुर्चीवरून काय झालं, ते सगळं पुढे सांगतो. मग तुम्ही बोला.

१

मूल गावच्या देवराव भुरसेचा धंदा असा, की विमा कंपनीकडे कुणी मेल्याचा दावा आला की त्या गावी जायचं आणि तो माणूस खरंच मेला का ते पाहायचं. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्हे त्याच्या पायाखालचे. त्याची रीत साधी. मेलेल्याच्या घरी आधी जायचं नाही. पारावर बसायचं आणि विचारायचं, तेरवी कोण कोण जेवलं? दाखला खोटा मिळतो. पण न घातलेलं तेरवीचं जेवण घातलं म्हणून गावाला पटवता येत नाही. ज्याला बोलावलं नाही असा एखादा तरी चिडून खरं बोलतोच.

मे महिन्यात एका सकाळी कमळा निकुरे त्याच्या दारात आली. हातात कापडी पिशवी.

"भाऊ, मेलेल्याले जितं करता येते का तुमाले?"

"मले उलटं येते, बाई. काऊन, कोण मेलं?"

"माहा नवरा. सरकारात मेला. घरी हाये."

देवरावला हसू आलं आणि तिचा चेहरा बघून ते गेलं. मग तिनं सगळं सांगितलं. लटारूला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर झाला. अर्धा जबडा काढला, तरी रोग परत आला. तेव्हा तोंडात जेमतेम एक बोट जायचं. घरात फोडणी दिली की मिरचीच्या ठसक्यानं तो कळवळायचा आणि पार कुंपणाजवळ जाऊन बसायचा. कमळानं चुलीवरून मिरची बंदच केली. मग नवी गोळी निघाली. महागाची. सरकारनं या दोन जिल्ह्यांत ती एक वर्ष फुकट दिली, घरोघर पाहणी करून बघायला, की तिच्यावर पैसा घालण्यात अर्थ आहे का. लटारूचा घाव भरला. तोंडात तीन बोटं जायला लागली. आणि एप्रिलात अहवाल आला, की या गोळीत अर्थ नाही. खूप रोगी मेले. नव्यानं कुणाला द्यायची नाही, जे जिवंत आहेत त्यांची तेवढी चालू ठेवायची. लटारूचं नाव मेलेल्यांत होतं. त्याची गोळी बंद.

"घरी किती उरल्या?"

"दिवाआड देऊन राह्यली मी. पुरवून पुरवून."

हे होतं पणाला, साहेब. एका माणसाच्या गोळ्या संपायच्या आत तो जिवंत ठरायला हवा होता.

देवरावनं विचारलं, फेब्रुवारीत पाहणीवाला आला होता तेव्हा तुम्ही कुठे होतात? घरीच, कमळा म्हणाली. बीमार माणूस घेऊन कुठी जातो? जाताना तिनं कापडी पिशवी पुढे केली. फी म्हणून. आत लाल मिरच्या होत्या, बारीक, चांगल्या वाळलेल्या. देवरावला सटासट शिंका आल्या. पिशवी आत ठेवून तो तिच्याच गावी निघाला.

पारावर त्यानं तेरवीचं विचारलं. लोक हसले. कोणाची तेरवी, लटारू तं तिथी बसला हाये बिडीवाल्यावर खेकसत. लटारू खरंच तिथे होता. मग देवरावनं विचारलं, फेब्रुवारीत हा कुठे होता?

आणि सगळे गप्प झाले. लटारूसुद्धा.

२

संशय घ्यायला तीन माणसं होती. घरोघर पाहणी करणारा अतुल नैताम. दवाखान्यात गोळ्या वाटणारा श्रावण. आणि आकडेमोड करणारा नागपूरचा प्रणित.

सगळ्यांचं बोट अतुलकडे. दर घरामागे मजुरी मिळणारा पोरगा, एवढ्या उन्हात जंगलातली गावं कशाला फिरेल? झाडाखाली बसून भरले असतील फॉर्म. देवरावलाही तेच वाटलं. असे पुष्कळ पाहिले होते त्यानं.

अतुल गडचिरोलीत मोबाईलच्या दुकानात भेटला. विषय निघताच त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर आपटला. काका, म्हणाला, मले कोणी इचारलंच नाई आतापर्यंत, सरळ चोर ठरवलं. त्यानं फोन काढून फोटो दाखवला. लटारूचं दार. दाराला कुलूप. बाजूला बोरिंग, तेच, जे देवराव आदल्या दिवशी पाहून आला होता. फोटोवर फेब्रुवारीची तारीख. दुसऱ्या खेपेचा फोटो, तेच कुलूप. इतर 'मेलेल्यांच्या' घरांचेही तसेच. पोरगा खरंच फिरला होता.

"मी 'घर बंद' लिवलं, काका. 'मेला' नाई लिवलं. मढं दिसल्याबिगर मी काऊन लिवन?"

शेजारी विचारलं होतं का? विचारलं होतं. सगळीकडे एकच उत्तर, माहीत नाई. खेड्यात शेजाऱ्याच्या कोंबडीचा ठावठिकाणा लोकांना माहीत असतो, आणि अख्खं घर कुठे गेलं ते माहीत नाही.

"अना जे भेटले ते कसे होते?"

अतुलनं जरा आठवलं. "सगळे खाटेवर. एकबी चालता नाई भेटला. मले वाटलं, गोळीच बेकार हाये."

देवराव बाहेर आला. फोटो खोटा नव्हता. म्हणजे कमळा घरी नव्हती. त्याला कामाला लावणारी बाईच त्याच्याशी खोटं बोलली होती.

३

चंद्रपूरच्या दवाखान्यात श्रावण औषधांच्या खिडकीवर होता, आता निलंबित होता. आरोप हा, की लटारू आणि इतर अनेक रोगी दिवाळीतच मेले आणि यानं संक्रांतीच्या आधी त्यांच्या नावानं गोळ्या काढल्या. त्याही दुप्पट. म्हणजे महागाची गोळी मढ्यांच्या नावावर विकली.

दिवाळीत मेले, हे कुणी ठरवलं? पाहणीची आधीची फेरी दिवाळीत झाली होती आणि तेव्हा तर लटारू घरात भात खाताना भेटला होता. देवरावनं ही गाठ मनात मारून ठेवली.

श्रावण आपल्या घरच्या ओसरीवर बसून होता, दाढी वाढलेली. गोळ्या कुणी नेल्या?

"त्यांनीच नेल्या. आपल्या पायानं आले, आपल्या हातानं नेल्या."

"नियम एका महिन्याचा. दोन महिन्यांच्या कशा दिल्या?"

"चुकलो."

"सगळ्यांच्याच बाबतीत? एकाच आठवड्यात?"

श्रावणनं मान खाली घातली. देवरावनं त्याला समजावलं की चोर ठरलास तर नोकरी जाईल, वर तुरुंग. चुकलो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय हे पोलिसाला पण कळेल. श्रावणनं अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या.

"मी बुडलो तं एक घर बुडन, भाऊ. मी बोललो तं कितीक बुडतीन. नोका विचारू मले."

चोर स्वतःला वाचवतो. हा दुसऱ्या कुणाला तरी वाचवत होता, आणि ज्यांना वाचवत होता तीच माणसं कागदावर मेलेली होती.

४

धानोऱ्याच्या पल्याड, जंगलातल्या टोल्यावर, छोट्या वस्तीत, इतवारी पदा राहत होती. तीही मेलेली. देवरावनं इथे तेरवी विचारली नाही. इथली रीत वेगळी. माणूस गेला की गावाबाहेर त्याच्या नावाचा दगड उभा करतात. देवराव आधी त्या दगडांकडे गेला. नवा एकही नव्हता, सगळ्यांवर शेवाळ चढून वाळलेलं.

इतवारी अंगणात तेंदूपानांचे पुडके बांधत बसली होती. तोंडाच्या एका बाजूला टाक्यांचा वण. सून रंजीता पानं जुळवून देत होती. देवरावनं नाव सांगितलं, काम सांगितलं. फेब्रुवारीत कुठे होतात म्हणताच रंजीतानं सासूकडे पाहिलं, सासूनं पानांकडे. घरीच होतो. बीमार बाई कुठी जाते?

कमळाचंच वाक्य. जवळजवळ शब्दाला शब्द.

देवराव उठला आणि त्याला सटासट शिंका आल्या. तशाच. घराच्या मागच्या अंगाला ताडपत्रीवर मिरच्या वाळत होत्या. बारीक, टोकदार, लालभडक. पोतंभर.

"ही मिरची कुठची, बाई?"

"बाजारची."

पोतंभर मिरची कोण बाजारातून आणतं? आणि ही मिरची इकडे पिकत नाही. ही गोदावरीच्या पल्याडची, तेलंगणाची तेजा. सिरोंच्याच्या पुलावरून तिकडे गेलेल्या माणसाला ती ओळखू येते, डोळ्यांनी नाही तर नाकानं.

देवरावनं पुढे काही विचारलं नाही. मूलला त्याच्या घरात एक पिशवी पडली होती. ज्या घरात रोग्याला ठसका लागतो म्हणून चुलीवर मिरची चढत नाही, त्या घरातून मिरची आली होती, आणि ती हातात घेऊनही त्याला प्रश्न पडला नव्हता. तो स्वतःवर चरफडत गाडीला किक मारून निघाला.

५

पिशवी त्यानं कमळासमोर ठेवली. लटारू बाजेवर बसला होता.

"बाई, धानकापणी झाली का इकडचे लोक कुठी जातात?"

कमळानं पिशवी आपल्याकडे ओढली.

मग देवरावच बोलला. धान निघालं की आपल्या झाडीपट्टीत काम नसतं. संक्रांत झाली की मुकादमाच्या गाड्या येतात आणि अर्धी गावं दाराला कुलूप ठोकून तेलंगणात मिरची तोडायला जातात. लेकरंबाळं सगळं. मजुरीतली काही रोख मिळते, काही मिरचीत. होळीच्या पुढे-मागे परत येतात. अंगण बघितलं की कळतं, कोण जाऊन आलं. तुम्ही गेलात. श्रावणला सांगून दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेलात. अतुलनं कुलूप पाहिलं. जे खाटेवर होते ते गावात उरले आणि तेवढेच त्याला भेटले.

"हे लपवलं काऊन?"

कमळाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज कोरडाच होता. गोळीसाठी नाव नोंदवलं त्या दिवशीच नोंदणीवाल्यानं ताकीद दिली होती. ऊन नाही, मजुरी नाही, आराम. मजुरीला जाणारा माणूस बरा झाला समजायचं, आणि बऱ्या माणसाला गोळी कशाला? ही गोष्ट दवाखान्याच्या रांगेतून सगळ्या गावांत गेली. सगळ्यांनी ठरवून टाकलं, जायचं पण बोलायचं नाही. कोणी विचारलं तर माहीत नाही. श्रावणला पण शपथ घातली. बसून तर पोट भरत नाही.

बरं झाल्याचं लपवलं तर गोळी चालू राहील, म्हणून लपवलं. आणि लपवलं म्हणून बंद झाली.

लटारू अर्ध्या जबड्यानं सावकाश बोलायचा, शब्द निवडून.

"पयल्या दिवशी दुपट्टा बांधून उतरलो वावरात. लोकं खोकून राह्यले. मले ठसका लागला नाई." त्यानं ओठ पुसले. "त्या दिवशी समजलं मले, का मी वाचलो. सांगाले कोणी नोतं. कोणाले सांगतो?"

६

दवाखान्याच्या व्हरांड्यात देवरावनं सगळ्यांना बसवलं. अतुल, श्रावण, कमळा, लटारू. इतवारी सुनेसोबत आली होती. नागपूरहून प्रणितही आला, स्वतःहून, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. मेलेली माणसं बाकावर ओळीनं बसलेली बघून त्याचा चेहरा उतरला.

देवरावनं उलगडा केला. मग म्हणाला, आता तुम्ही सांगा, कुलपाचं मढं कसं झालं?

प्रणितनं आधी हिशेब समजावला. औषधावर झालेला खर्च घ्यायचा. औषधानं लोकांना किती चांगली वर्षं दिली ते घ्यायचं. नुसतं श्वास घेणं नाही. चालता येतं का, जेवता येतं का, काम होतं का, दुखतं किती. खर्चाला त्या वर्षांनी भागायचं. एक चांगलं वर्ष केवढ्याला पडलं ते निघतं. परवडलं तर औषध सगळ्यांना, नाही तर नाही.

पद्धत वाईट नाही, साहेब. पैसा मोजका असतो, एका रोगावर गेला की दुसऱ्यावरचा जातो, एवढं आम्हालाही कळतं. मोजा. जरूर मोजा. पण ज्यांची वर्षं सगळ्यात चांगली गेली, तेच नेमके कुलूप लावून कामावर होते, आणि त्यांना तुम्ही मेलेल्यांत घातलं. खर्च तेवढाच राहिला, चांगली वर्षं गेली. मग महाग नाही पडणार तर काय होणार?

"तक्त्यात 'घर बंद' होतं," प्रणित म्हणाला. "मी साहेबांना फोन केला, यांचं काय धरू? पुन्हा पाहणी करू का? ते म्हणाले, मार्चच्या आत अहवाल हवा. कॅन्सरचा पेशंट घराला कुलूप लावून कुठे जाणार आहे? फिरायला? मेले धर. शेवटचे भेटले तिथेच संपले धर."

"अना तुमी धरलं."

"धरलं."

इतवारी गोंडीत सुनेला काहीतरी पुटपुटली. रंजीतानं ते सांगितलं, सासू विचारते, हा साहेब कधी मिरची खातो का नाही?

इथवर ही चूक होती. अडाणी चूक, पण चूक. देवरावनं तीस वर्षं खोटी मरणं पाहिली होती, तो इथे थांबणारा नव्हता.

"शेवटचं एक," तो म्हणाला. "दिवाळीत मेलेले लोक संक्रांतीले गोळ्या नेतात, हे पयले कोणाच्या ध्यानात आलं?"

प्रणित चपापला. मग म्हणाला, माझ्या. अहवाल जायच्या आधी. मी लगेच साहेबांना सांगितलं, की हे लोक जिवंत असू शकतात.

"मग?"

"ते म्हणाले, जिवंत असतील तर सगळा अहवाल पुन्हा करावा लागेल. त्यापेक्षा गोळ्या कोणी चोरल्या ते बघ."

श्रावणनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

झाला उलगडा. तुमच्यासमोर दोन वाटा होत्या, साहेब. मेलेली माणसं औषध घ्यायला येत असतील तर एक तर ती जिवंत आहेत, नाही तर कुणी चोर आहे. जिवंत माणसं शोधायला एक जीप आणि दोन दिवस लागले असते. चोर शोधायला सही पुरली.

७

देवरावनं ही सगळी माणसं तुमच्या कचेरीत आणली होती. तुम्ही बैठकीत होता. बाहेरच्या माणसानं सांगितलं की निर्णय झालेला आहे, फेरविचार पुढच्या वर्षीच्या पाहणीत होईल, आणि ज्यांना आपण जिवंत आहोत असं म्हणायचं आहे त्यांनी अर्ज करावा. लटारूनं अर्ज केला. इतवारीनं अंगठा दिला. प्रणितनं आपला जबाब लिहून दिला आणि त्याचं काम गेलं. श्रावण अजून निलंबित आहे. अर्ज केले त्याला आठ महिने झाले.

गोळ्या पावसाळ्यातच संपल्या, दिवसाआड घेऊनही. भादव्यात घाव पुन्हा फुटला. आता लटारूच्या तोंडात एक बोटही जात नाही. कमळा पेज गाळून चमच्यानं देते. चुलीवरची मिरची पुन्हा बंद झाली. शेजारच्या घरात फोडणी पडली की तो भिंतीला धरून उठतो आणि कुंपणाजवळ जाऊन बसतो.

यंदा संक्रांतीला मुकादमाची गाडी आली. गल्लीतली घरं कुलूपबंद झाली. निकुऱ्यांचं झालं नाही.

तेव्हा आता या, साहेब. मोजायला या. आता लटारू घरीच असतो, खाटेवर, जसा तुमच्या हिशेबाला लागतो तसा. दाराला कुलूप नाही. शेजारी पत्ता सांगतील. आणि येताना एवढं उत्तर घेऊन या, ते त्याच्या तोंडावर सांगा, तो ऐकू शकतो अजून: तो जिवंत असेल असं तुम्हाला सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही त्याला शोधलं का नाही?